वळणावरचा हॉर्न

१२ जानेवारी, मालवण

जर्मनीत ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास झाले, हे आज अखेर घरी सांगितलं. कारणही सांगितलं. समोरचं दिसत नाही अशा वळणावर मी हॉर्न वाजवला. कुडाळच्या रस्त्यावर बाबांनीच शिकवला होता तसा, दोनदा, हलका. परीक्षकाने विचारलं, "कोणावर रागावलात?" तिथे हॉर्न म्हणजे शिवी. इथे तो न वाजवणं म्हणजे उर्मटपणा.

बाबा आधी खो खो हसले. मग म्हणाले, "सोड गो ता. थंय बस आसा मा?"

बस नाही. तिथल्या नव्या कारखान्यात ब्रेक तपासायचं काम आहे, पहाटेची पाळी, आणि लायसन्स नसेल तर ते दुसऱ्याला जाईल. हेही सांगितलं.

हॉर्न चूक होता का? त्यांच्या नियमाने, हो. पुन्हा वाजवणार नाही. पण लाज? कसली? त्या दोन हलक्या हॉर्नांनी मी समोरच्याला सांभाळूनच घेत होते.

बाबांसमोरच फोनवर परीक्षेची पुढची तारीख घेतली.

"आणि परत नापास झालंस तर लोकांका काय सांगतलंस?"

"तिसऱ्यांदा बसतलंय म्हणान सांगतलंय."