जावयांच्या खोलीची खिडकी आणि अकरावे कारण

प्रति,
मा. संचालिका,
बेट पर्यटन मंडळ,
मासळीबाजाराच्या वर, स्टारी व्हाल.

विषय : "क्रोएशियात सुट्टीला येण्याची दहा कारणे" या आपल्या पुस्तिकेच्या जर्मन आवृत्तीत अकरावे कारण छापण्याबाबत.

संदर्भ : १) सदर पुस्तिका, पाने चोवीस. २) माझी कन्या मारिएता हिचा हाम्बुर्गहून आलेला फोन, गेला रविवार, ऐन जेवणाच्या वेळी.

महोदया,

मी, निक्शा दुय्मोविच, वय एकाहत्तर, निवृत्त बोटचालक, राहणार वरची आळी, सविनय सादर करतो की, आपण सहा वर्षांच्या असताना धक्क्यावरून पाण्यात पडलात, तेव्हा आपणांस वेणीला धरून बाहेर काढणारा इसम मीच होतो. या गोष्टीचा प्रस्तुत अर्जाशी काहीही संबंध नाही. केवळ नोंद असावी.

१. माझी कन्या, तिचे यजमान श्री. टोर्स्टेन आणि नात लिना हे गेले दोन उन्हाळे बेटावर फिरकलेले नाहीत. यंदा ऑगस्टात ते पोर्तुगालला निघाले आहेत. मी फोनवर नापसंती व्यक्त केली असता कन्या म्हणाली, "बाबा, तिकडे यायचं एक कारण सांगा. एकच सांगा." आपली पुस्तिका सुदैवाने हाताशी होती (पत्नी लुक्रे त्या पुस्तिकेने अंजिराच्या मुरंब्याचे पातेले झाकते), म्हणून मी दहाही कारणे वाचून दाखवायला घेतली.

२. पहिले कारण, नितळ समुद्र. कन्या म्हणाली, "समुद्र पोर्तुगालला पण आहे." तिसरे कारण, हजाराहून अधिक बेटे. कन्या म्हणाली, "आम्हाला एकाच बेटावर यावं लागतं, आणि तिथं तुम्ही असता." सहावे कारण, दुपारची निवांत झोप. यावर ती म्हणाली, "दुपारच्या झोपेबद्दल निदान तुम्ही तरी बोलू नका," आणि फोन ठेवला. सहावे कारण आपल्याच कार्यालयाने छापलेले असल्याने या नुकसानीस आपण अंशतः जबाबदार आहात, हे नम्रपणे नमूद करतो.

३. झोपेची हकिकत अशी. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टात जावई आले, तेव्हा त्यांना वरची पूर्वेकडील खोली दिली. त्या खोलीची खिडकी दारासमोर आहे. आरपार वारा अंगाला किती वाईट, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळते. माझे काका आरपार वाऱ्यानेच गेले. त्या वेळी ते त्र्याण्णव वर्षांचे होते, ही गोष्ट वेगळी. परंतु जावयांनी पहाटे उठून दार आणि खिडकी दोन्ही सताड उघडली आणि म्हणाले, "घराला श्वास घेऊ द्या." लुक्रेने छातीवर क्रूस काढला. मी खिडकी लावली. त्यांनी उघडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हा प्रकार अकरा वेळा झाला.

तिसऱ्या दिवशी ते पोहायला गेले असताना मी केवळ मायेपोटी त्या खिडकीला खिळे ठोकले. बोटीचे, तांब्याचे, उत्तम प्रतीचे, नग सहा. बाहेर अडतीस अंश उष्मा होता. जावई जेवून झोपले आणि तासाभराने उकडलेल्या ऑक्टोपससारखे लालबुंद होऊन बाहेर आले. चिडले नाहीत. परत आत गेले, खिडकीपाशी वाकले आणि बोट लावून एकेक खिळा मोजला. मग आपल्या बेटाच्या भाषेत, मोठ्या कष्टाने जुळवून, मला विचारले, "सासरेबुवा, मी कैदी आहे का?" मी म्हणालो, "छे छे, तुम्ही पाहुणे आहात." लुक्रेच्या मते खिळ्यांपेक्षा या उत्तराने जास्त नुकसान केले. दुसऱ्या दिवशीच्या बोटीने ते तिघेही गेले. ती बोट मीच एकोणतीस वर्षे चालवली होती.

४. मी वैद्यकीय सल्लाही घेतला. आपले डॉक्टर म्हणाले, "निक्शा, आरपार वाऱ्यानं कुणी मरत नाही हो." मात्र हे बोलण्याआधी त्यांनी उठून दवाखान्याची खिडकी लावून घेतली. त्यामुळे या मुद्द्यावर शास्त्राचे नक्की म्हणणे काय, ते मला समजलेले नाही.

५. गेल्या नाताळात लिनाने आमच्या घराचे चित्र काढून पाठवले. दार आहे, धुराडे आहे, अंजिराचे झाड आहे, दारात मी आहे. घराला खिडकी नाही. ती गेली तेव्हा दोन वर्षांची होती, म्हणजे तिला हे कुणीतरी सांगितलेले असणार. चित्र पाहून मला फार वाईट वाटले. अर्जात असे लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे, परंतु वाटले.

६. आपणांस तसदी देण्याचे कारण एवढेच, की जावई फक्त छापील मजकुरावर विश्वास ठेवतात. बोटीचे वेळापत्रक घेऊन ते धक्क्यावर मिनिटाच्या ठोक्याला उभे राहायचे आणि बोट उशिरा आली की बोटीला वेळापत्रक दाखवायचे. माझ्या तोंडी शब्दाला आता किंमत उरलेली नाही. तरी पुढील मजकूर छापावा : "अकरा. वरच्या आळीतील दुय्मोविच यांच्या घरी पूर्वेची खिडकी उघडते." त्यापुढे "आणि सासरे गप्प बसतात" असे जोडावे, ही लुक्रेची सूचना आहे. ती मी केवळ घरातील शांततेसाठी कळवीत आहे. गप्प बसण्याची हमी देता येत नाही.

७. खातरजमेसाठी निरीक्षक पाठवल्यास हरकत नाही. हा अर्ज मी त्याच खोलीत, दार आणि खिडकी दोन्ही उघडी ठेवून लिहीत आहे. अंगात लोकरी बंडी आहे, डोक्याला टोपी आहे. कागद उडू नयेत म्हणून वर तेलाची बाटली ठेवली, त्याचा डाग पडला आहे, क्षमस्व. मान डावीकडे वळेनाशी झाली आहे, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

८. अकरावे कारण सर्व प्रतींत छापणे नियमात बसत नसल्यास एकाच प्रतीत छापावे, कार्यालयाचा गोल शिक्का मारावा आणि ती प्रत हाम्बुर्गला रवाना करावी. जून उजाडण्यापूर्वी हे झाले तर पोर्तुगालची तिकिटे अजून रद्द करता येतात, अशी माहिती लुक्रेने मुलीकडून गुपचूप काढलेली आहे.

कळावे, खिडकी उघडीच आहे.

आपला नम्र आणि मफलर गुंडाळलेला,
निक्शा दुय्मोविच
स्टारी व्हाल, ९ मे

सोबत :
१) लिनाचे चित्र. पाहून परत करावे.
२) खिळे, तांब्याचे, नग सहा. पुस्तिकेसोबत हाम्बुर्गला पाठवावेत. जावयांनी ते मोजलेले आहेत.