गिटारच्या तारेखालचा जीव

एडिसन, १२ मे १९८६

ती. आप्पांना शैलाचा नमस्कार.

"याला भोपळाच नाही. पोट नाही ते वाद्य बोलणार कुठून?" दहा वर्षांची पद्मिनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन तुमच्या मिरजेच्या दुकानात आली, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात.

परवा तुमच्या त्याच नातीच्या रॉक बँडचा अल्बम आला. रेकॉर्डिंगला जाताना तिनं माझ्या शिवणाचा दोरा नेला आणि तुम्ही तंबोऱ्याला घालता तसा गिटारच्या तारेखाली 'जीव' घातला. तार झणझणली. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, बिघाड आहे, काढ. ही अडून बसली. "नो. दॅट्स माय आजोबा."

ते गाणं ऐकताना मी भाजी चिरायची थांबले, आप्पा. तुमच्या दुकानातली सकाळच ती.

कॉलेज एकाच वर्षापुरतं सोडलंय, असं ती म्हणते. मी फार विचारत नाही. जेवते मात्र नीट.

आईचे गुडघे कसे आहेत?

शिवणाचा दोरा सारखा तुटतो. तुमच्या हातचा थोडा पाठवाल? 'असल्या फळीला माझा दोरा नाही,' म्हणाल, ठाऊक आहे. तरी मागते.

तुमची,
शैला