काळी एकचा तंबोरा

काकू, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. हे पत्र कुठे जाणार नाही, माझ्याच कपाटात राहील. पण एक शंका डोक्यातून जात नाही आणि ती तुमच्याशिवाय कुणाला विचारणार? त्या दुपारी तुम्हाला माहीत होतं का?

पनवेलच्या तुमच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या घरात मी कॉलेजपासून गुरुजींकडे गाणं शिकले. नवरा म्हणून तुम्हाला ते कसे होते ठाऊक नाही, माझ्या लेखी देव होते. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा त्यांना कोण तिटकारा. "डब्याला कान नसतात," म्हणायचे, आणि आम्हाला बोटं सोलवटेपर्यंत खरा तंबोरा छेडायला लावायचे. मग खारघरहून ती मुलगी शिकायला यायला लागली. नुकतीच नोकरीला लागलेली, गळा आम्हा सगळ्यांपेक्षा गोड. तिची शिकवणी एकटीची, शनिवारी दुपारी, दार लोटून. आणि तिच्यासाठी घरात तोच इलेक्ट्रॉनिक डबा आला. तिथेच मला खटकायला हवं होतं.

त्या शनिवारी मी लवकर पोचले. तुम्ही स्वयंपाकघरात परात पुढ्यात घेऊन वालाच्या डाळिंब्या सोलताय. आतून तंबोरा ऐकू येतोय, येतच राहतोय, गाणं मात्र नाही. "तंबोरा चालू आहे म्हणजे शिकवणी चालू आहे," तुम्ही म्हणता, मी काही विचारलेलं नसताना. मग तुमचे हात थांबतात. "जा गं, आत पाणी देऊन ये. दार वाजवत बसू नकोस, पायानेच लोट."

मी लोटलं. ती खिडकीला टेकून उभी होती आणि गुरुजींनी तिचं मनगट धरलं होतं. मला बघून सोडलं. "आज सूर लागत नाहीये हिचा," ते म्हणाले. जिन्यात तिने मला गाठलं. "ताई, मी सोडा सोडा म्हणत होते. त्यांनी डब्याचा आवाज मोठा केला." ती परत आली नाही. गुरुजींनी आम्हाला सांगितलं, तिच्यात चिकाटी नाही. त्या गुरुपौर्णिमेला मी वाकले, पण हात त्यांच्या पायांपर्यंत गेला नाही.

आता मीही शिकवते. परवा एका मुलीसाठी डबा लावताना एकदम आठवलं, त्या दुपारी तो काळी एकवर वाजत होता, गुरुजींच्या स्वतःच्या पट्टीत. ती काळी चारमध्ये गायची. त्या सुरात तिला गाताच आलं नसतं, म्हणजे त्या दिवशी गाणं व्हायचंच नव्हतं. मला तेव्हा उमगलं नाही. पण तुम्ही लग्नाआधी गायचात, खालच्या कोळणीच्या हाकेची पट्टीसुद्धा बसल्या जागी सांगायचात. तुम्हाला ऐकू आलंच असणार. म्हणून पाणी, म्हणून पायाने दार. की हा माझ्या मनाचा खेळ? आणि त्याआधी असं किती जणींना पाणी द्यायला पाठवलं असेल तुम्ही? स्वतः का नाही उठलात, याचा मला फार राग येतो. पुन्हा वाटतं, निदान कुणाला तरी पाठवलंत.

पुढच्या रविवारी गुरुजींचा सत्कार आहे. पट्टशिष्या म्हणून त्यांच्याविषयी मी बोलायचं ठरलं होतं. मी काल फोन करून नाही म्हटलं. कारण विचारलं, तर घसा बसलाय असं सांगितलं.

काकू, घसा ठणठणीत आहे माझा.