नाल्याचं पाणी थांबलं तेव्हा

बाबूजी, धर्मेंद्रचा पाया पडून नमस्कार.

मी बरा आहो, पायाले थोडं लागलं फक्त. इकडे हिमाचलात रस्ता बंद आहे, फोनही लागत नाही. खाली पायी जाणाऱ्या एका माणसाजवळ हे पत्र देऊन राहिलो. तुम्ही एकटेच वाचा, मग मायले तुमच्या तोंडून सांगा.

परवा कामावर जाताना आमची गाडी एका नाल्याजवळ स्वयंपाकाले थांबली. आपला मुन्ना तांदूळ धुवून राहिला होता, अन् नाल्याचं पाणी एकदम आटलं. तो हसून म्हणाला, "दादा, वरच्यानं पाणी वळवलं वाटते. पाहून येतो." अन् फावडा खांद्यावर टाकून निघाला, जसे आपण पाणी तुटलं की चोरखमारा तलावाच्या नहरावर जातो.

इकडचा ड्रायव्हर ओरडला, "भागो." इथं नाला आटला म्हणजे वर दरड पडून पाणी अडलं, अन् ते कधीही फुटते, हे आम्हाले काय माहीत. मी मुन्नाले हाका मारल्या. त्यानं वरूनच हात केला, येतो म्हणून. मग चिखल अन् गोटे आले.

लोकं शोधून राहिले. फावडा भेटला. भाऊ भेटल्याशिवाय मी घरी येत नाही.

मायची बीपीची गोळी चालू आहे ना? धानाचा रोवणा झाला का?

बाबूजी, औंदा नहराचं पाणी थांबलं तर तुम्ही वर जाऊ नका. आपल्याकडे असं होत नाही, मले माहीत आहे. तरी जाऊ नका. बांधीतलं धान सुकलं तर सुकू द्या.

तुमचा,
धर्मेंद्र