जस्ताच्या मलमाची डबी

ती. बाबा,

इथून वाकून नमस्कार करते, तिथून पाठीवर हात ठेवा.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर, झोप भरपूर. आईला सांगा, उगाच घोर नको.

हातांच्या भेगांसाठी तुम्ही पाठवलेलं जस्ताचं मलम पोचलं. पण बाबा, आमचं कामच जस्ताचं. कुठलं प्रथिन जस्ताला किती घट्ट धरून ठेवतं, ते मोजायचं. त्यासाठी आधी पाण्यातून, नळ्यांतून जस्ताचा कण न् कण काढून टाकावा लागतो. कोरे हातमोजेसुद्धा आम्ही धुऊन घालतो! बोटाला मलमाचा अंश जरी राहिला, तरी महिन्याची मेहनत मातीत.

मागच्या पत्रात ‘रोज लावते’ लिहिलं, ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

तुमच्या पायाची जखम भरली का? वहिनी लिहिते, अजून ओलीच आहे, आणि मलमाचं विचारलं की तुम्ही ‘संपलं’ म्हणता. वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डबी परत पाठवते आहे. रागावू नका, पायाला लावा. झाकण उघडलंत की दिसेलच, मलमात एकाच बोटाचा खड्डा आहे. तो तुमचा.

तुमचीच,
धाकटी