चोराने दार वाजवलं

बुधवार, १२ फेब्रुवारी १९८६

आपलं पात्र काय करतं ते पत्राने कळवायचं, अशा टपालाने खेळायच्या एका खेळात मी चोर झाले आणि पहिल्याच पत्रात कोठडीत! खेळ चालवणारे गृहस्थ कळवतात, "तुमच्या चोराने खजिन्याचं दार वाजवलं, पहारेकऱ्याला खरं नाव सांगितलं." मग? कॉन्व्हेंटच्या शाळेत जन्मभर मुलींना हेच शिकवलं होतं.

भाची सुमन पत्र वाचून पोट धरून हसली. "अवं मावशी, चोर काहून दार वाजवीन? खेळताना चोरच हो ना! मास्तरीण रिटायर झाली."

आगाऊ कार्टी. पण बोलली ते खरं.

आता एकच पत्र उरलंय. चुकलं तर फाशी, खेळ संपला. लिहूनच टाकलं: पहारेकरी पेंगताच किल्ली लांबवली, दार न वाजवता बाहेर पडले. वेशीवर नाव विचारलं, तेव्हा बेधडक आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर सुपीरियरचं सांगितलं.