एका ताटातले दोघे

थेरगाव

प्रिय आम्रपाली,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. परवा भाजी घेताना डांगे चौकात जाईबाई भेटली. तळेगावला आपली मुलं ज्या मतिमंदांच्या संस्थेत होती, तिथे सगळ्यांना अंघोळी घालायची ती. तुझ्या शेजारीच पुनावळ्यात राहते म्हणे. हे पत्र तिच्याच हाती देतेय. ती काय म्हणाली ते शेवटी लिहिते, आधी धीर होत नाही.

तळेगावचे ते रविवार फार आठवतात गं. तुझी शेंगदाण्याची चटणी, माझे धपाटे, आणि आपले दोन दाढीमिशांचे बाप्ये एका ताटात. माझ्या गणराजला बोलता येत नाही, म्हणून तुझा धम्मरत्नच त्याच्या वतीने बोलायचा. "मावशी, गणूला पाणी पायजे." आणि खरंच त्याला तहान लागलेली असायची.

मग तिथल्या एकाला कावीळ झाली, सगळ्यांचं रक्त तपासलं आणि धम्मरत्नच्या रक्तात हेपॅटायटिस बी निघाला. कुठून आला, कुणालाच सांगता आलं नाही. दाढीला येणारा माणूस एकच वस्तरा सगळ्यांना फिरवायचा, चिडली की मुलं एकमेकांना चावायचीही. डॉक्टरांनी पालकांना समजावलं, "जेवण्याने, हात धरण्याने हा लागत नाही, रक्तातून लागतो. बाकीच्यांना लस द्या, वस्तरे, ब्रश वेगळे ठेवा. त्याला काढू नका." पण पालकांतले यशवंतराव उठून ओरडले, "आमच्या लेकरांत नको म्हणजे नको!" मी भांडले, कुणी ऐकलं नाही. तू मात्र आवाजसुद्धा चढवला नाहीस. "मी नेते माझ्या पोराला," एवढंच म्हणालीस. पिशवी भरताना तो विचारत राहिला, "गणू पण येतोय ना?"

त्यानंतर गणराज जेवेना. धम्मरत्नच्या खाटेवर कुणी बसलं की अंगावर धावायचा. दिवाळीनंतर मी त्याला घरीच आणलं. इथेही खाली रिक्षा थांबली की गॅलरीत पळतो, वाकून बघतो आणि परत येऊन बसतो. परवा तोंडातून "धम" निघालं. इतक्या वर्षांत मला आई म्हणाला नाही तो.

जाईबाई म्हणाली, दुसरी कुठलीच संस्था धम्मरत्नला घेत नाही. तू चाकणला शिफ्टला जाताना त्याला आत ठेवून बाहेरून कुलूप लावतेस, आणि तो दुपारभर खिडकीतून हाका मारतो. भर बाजारात रडू फुटलं मला. तुला बोल नाही लावत, बाई. काम सोडून तू खाशील काय? पण ऐक. गणराजचे लसीचे सगळे डोस झालेत. रक्तही तपासलं, आता भीती नाही म्हणाले डॉक्टर. मीसुद्धा लस घेतलीय. तेव्हा कामावर जाताना धम्मरत्नला माझ्याकडे सोडत जा. माझे हातपाय चालतायत तोवर दोघांनाही बघेन. पुढचं मलाही सुचत नाही.

तुझीच,
सुमनताई